बेटावर अडकलेले दोघं: प्रेम खरं की तहान?

खारावारा:
बेटावर अडकलेल्या जोडप्यांच्या पिक्चरांचं मला एक कळत नाही, यांना तहान कशी लागत नाही? जहाज बुडतं नाहीतर विमान पडतं, दोघं किनाऱ्याला लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केस कसे, तर आत्ताच पार्लरमधून आल्यासारखे. 'द ब्लू लगून' (१९८०) बघा, दोघं लहानाचे मोठे तिथेच होतात, झाडीत बाळंतपण निभावतं, आणि दात सगळे जागच्या जागी, पांढरेशुभ्र. उलट 'कास्ट अवे'त (२०००) दात ठणकायला लागतो तेव्हा टॉम हँक्स आइस स्केटचं पातं दाताला टेकवतो, वरून दगड हाणतो आणि तिथेच बेशुद्ध पडतो. हा एक सीन सगळ्या बेट-रोमान्सना पुरून उरतो. सर्व्हायव्हल आणि रोमान्स एका बेटावर नांदत नाहीत, एक खरं दाखवायला गेलं की दुसरं खोटं पडतं, असं माझं मत. बोला.

मधलीसुट्टी:
साफ असहमत. डॉक्युमेंटरी बघायला बसलात का तुम्ही? बेट ही फक्त सोय असते हो, दोघांना बाकी जगापासून तोडायची. 'सिक्स डेज सेव्हन नाइट्स' (१९९८) घ्या, ती मॅगझीनवाली आणि लग्न ठरलेली, हॅरिसन फोर्ड तिच्यापेक्षा वयाने बराच मोठा आणि खडूस पायलट, एरवी दोघांनी एकमेकांना फोन नंबरसुद्धा दिला नसता. घरचे, नोकरी, आधीचा होणारा नवरा हे सगळं बाजूला केल्यावर माणूस आवडतो का, एवढाच प्रश्न असतो, त्यात तुम्ही पाण्याचा हिशोब काय मागताय. आणि तुमचा 'कास्ट अवे' रोमान्स नाही म्हणता? त्याची प्रेयसी केली, तिचा फोटो असलेलं ते घड्याळ उघडून बघत बघतच तर तो जगतो.

खारावारा:
अहो तेच म्हणतोय! केली बेटावर नाही म्हणून ते प्रेम टिकलं. फोटो पाणी मागत नाही, आजारी पडत नाही, मासा जळाला म्हणून बोलत नाही.

बिनधास्त_बोल:
😂 नारळाचं कोणीच बोललं नाही अजून. हँक्स विल्सनला, म्हणजे त्या व्हॉलीबॉलला, स्वतः सांगतो की नारळाने पोट सुटतं. आता रोमान्सवाल्या पिक्चरातला हिरो झुडपामागे पळताना कोणी पाहिलाय का? त्याच २००० साली हिंदीत 'कहो ना प्यार है' आला, त्यात पण दोघं बेटावर अडकतात, पण हृतिकला तसलं काही झालेलं मला तरी आठवत नाही.

निशाचर_७:
पिक्चर सोडा, खरंच झालेलं सांगतो. १५४२ साली फ्रान्समधून कॅनडाला निघालेल्या ताफ्यात मार्गरीट द ला रोक नावाची तरुणी होती. ताफ्याचा प्रमुख रोबर्वाल तिचा नातेवाईक, जहाजावर तिचं प्रेमप्रकरण झालं म्हणून त्याने तिला एका ओसाड बेटावर उतरवलं, सोबत प्रियकर आणि एक म्हातारी दासी. म्हणजे अगदी तुमच्या पिक्चरचीच कथा. पुढे प्रियकर गेला, दासी गेली, तिथेच झालेलं मूलही गेलं. ती एकटी बंदुकीने शिकार करत राहिली आणि शेवटी मासेमारी करणाऱ्या जहाजाने तिला परत आणलं. हे सगळं जुन्या वृत्तांतांतलं, थोडं तिखटमीठ असेलच, पण प्रेमाने वाचली असं मला त्यात कुठे दिसत नाही, बंदुकीने वाचली.

पण म्हणून एकटा माणूस म्हणजेच खरं सर्व्हायव्हल, हेही पटत नाही. १९६५ मध्ये टोंगातली सहा शाळकरी मुलं अता बेटावर अडकली, वर्षाहून जास्त काळ तिथे होती. पाळ्या लावून कामं केली, आग विझू दिली नाही, भांडण झालं की दोघांनी लांब जाऊन डोकं थंड करून यायचं असा नियम. एकाचा पाय मोडला तर बाकीच्यांनी तो बांधून त्याची कामं वाटून घेतली. सहाच्या सहा जिवंत परतले. एकमेकांचा जीव लागलेला असला की माणसं जास्त टिकतात, खारावारा, तुमचा नियम इथे बसत नाही.

खारावारा:
ती मैत्री आहे, रोमान्स कुठे आहे त्यात?

चष्मिष:
दोघंही मुद्द्याच्या कडेकडेने फिरताय. बेटावर मासा कोणाला पकडता येतो हा खरा प्रश्न आहे, कारण ज्याला येतो तो मालक. 'ट्रँगल ऑफ सॅडनेस' (२०२२) मध्ये यॉटवर टॉयलेट साफ करणारी अबिगेल हाताने ऑक्टोपस पकडते, आग पेटवते, मग वाटणी करताना एक तुकडा यांना, एक मला, पुन्हा एक मला असं करत सगळ्यांकडून वदवून घेते की कॅप्टन मीच. आणि देखणा मॉडेल कार्ल रात्री तिच्याकडे झोपायला लागतो, बदल्यात खायला जास्त मिळतं. याला प्रेम म्हणायचं का? पुरुष मासे पकडतो आणि बाई त्याच्या प्रेमात पडते तेव्हा आपण बिनधास्त म्हणतो.

आणि 'ब्लू लगून' रोमँटिक म्हणून कोणी सांगू नका प्लीज. शूटिंगच्या वेळी ब्रुक शील्ड्स १४ वर्षांची होती, अंग झाकलेलं राहावं म्हणून केस चिकटवायचे आणि बाकी सीनना मोठ्या वयाची डबल. ते कळल्यापासून माझ्याने तो बघवत नाही, दात पांढरे का हा फारच नंतरचा प्रश्न झाला.

मधलीसुट्टी:
ब्लू लगूनवर एकदम सहमत, त्याची बाजू मी घेणारच नाही. पण चष्मिष, सगळं देणंघेणंच असतं हे नाही पटत. मालकीचंच बोलायचं तर 'स्वेप्ट अवे' (१९७४) आहे ना. श्रीमंत बाई आणि खलाशी, बेटावर गेल्यावर तो मालक होऊन तिला मारतो, राबवतो, आणि ती प्रेमात पडते. मला तो राग येऊन बघवत नव्हता. पण पुढे तोच हट्ट धरतो की आता परत जाऊ, बेटाबाहेर पण मी तुला आवडतो का ते बघायचंय मला. स्वतःच्या प्रेमावर त्याचा स्वतःचाच विश्वास नाही!

चष्मिष:
आणि ती नवऱ्याबरोबर हेलिकॉप्टरने निघून जाते. माझाच मुद्दा झाला की हा.

मधलीसुट्टी:
नाही हो, ती गेली म्हणून बेटावरचं खोटं होतं असं कसं? 'कास्ट अवे'तली केली पण दुसऱ्याशी लग्न करून मोकळी झालेली असते, मूल असतं, तरी पावसात त्याच्यामागे धावत येतेच ना.

बिनधास्त_बोल:
आणि परत घरी जाते 🙏