बोहेमियन रॅप्सडीमधला ऑपेरा नक्की किती जणांनी गायलाय?

पूर्वभाग_गिटार
नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे. आम्ही चौघं आहोत, गड्डा यात्रा संपली की कॉलेजचं गॅदरिंग आहे आणि यावेळी क्वीन या इंग्लिश रॉक बँडचं बोहेमियन रॅप्सडीच करायचं असं ठरलंय. ड्रमरच्या घरी वरच्या खोलीत प्रॅक्टिस करायलोय, खाली त्यांचे यंत्रमाग हायत, त्यामुळं माग बंद झाल्यावरच सुरुवात करता येते. पहिला पियानोचा भाग जमलाय, सोलो मी महिनाभर घासून बसवलाय, शेवटचा हेवी भाग पण वाजतोय. अडलंय ते मधल्या ऑपेरात, म्हणजे संगीत नाटकासारखं खूप आवाजांत गायलेल्या भागात. तीन मिनिटं झाली की गॅलिलिओ गॅलिलिओ सुरू होतं, तिथं आम्ही चौघं जीव तोडून गायलो तरी आवाज पातळच लागतोय आणि मूळ गाण्यात तर शंभर माणसं उभी असल्यागत वाटतं. कीबोर्डवाला म्हणतो त्यांनी मोठा कोरस बोलावला होता. खरंय का? आणि हे गाणं मुळात सुचलं कसं, लिहिलं कसं, ते पण कुणाला माहीत असेल तर सांगा.

जुनी_कॅसेट
कोरस-बिरस कुणी नव्हता बाळा, तिघंच होते. फ्रेडी मर्क्युरी, गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर. वरचा तो कानाला चिरत जाणारा सूर रॉजरचा, मधला फ्रेडीचा, खालचा भरदार आवाज ब्रायनचा. चौथा जॉन डीकन, तो बेस वाजवायचा, रेकॉर्डिंगमध्ये तो गात नसायचा.

आता तिघांचे शंभर कसे झाले ते सांगतो. माझं नव्या पेठेत कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं, ८० च्या दशकात. लोक गाण्यांची यादी आणायचे, मी एलपीवरून, म्हणजे मोठ्या तबकडीवरून भरून द्यायचो. पण कुणी आधीच भरलेली कॅसेट आणली आणि म्हणालं यावरनंच दुसरी भरा, तर मी आधीच सांगायचो की घरघर वाढणार, कारण कॉपीवरनं कॉपी केली की प्रत्येक वेळी आवाज थोडा मळतो आणि मागची सूं सूं वाढत जाते. यांनी नेमकी हीच गोष्ट जाणूनबुजून केली. मशीन २४ ट्रॅकचं होतं, म्हणजे एकाच टेपवर २४ आवाज वेगवेगळे भरता यायचे. तिघं एका माइकभोवती उभे राहून एक ओळ गायचे, तीच ओळ परत गायचे, मग तिच्या वरचा सूर, मग खालचा सूर, असं करत ट्रॅक भरले की ते सगळे मिसळून एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि रिकाम्या झालेल्या ट्रॅकवर परत गायला सुरुवात. असे १८० च्या आसपास थर चढले. रोज १०-१२ तास नुसतं गाणं, आणि एवढ्या भागालाच तीन आठवडे गेले.

टेप म्हणजे काय, प्लास्टिकच्या पट्टीवर तपकिरी पावडरचा थर. ती पट्टी मशीनच्या हेडवरून, म्हणजे आवाज भरणाऱ्या-वाचणाऱ्या भागावरून इतक्या वेळा फिरली की पावडर झडत गेली, आणि प्रोड्युसर रॉय थॉमस बेकरनं टेप उजेडासमोर धरली तर आरपार दिसत होतं. मी आयुष्यभर टेप हाताळली आहे, घासून पांढुरकी पडलेली टेप कशी दिसते मला माहितीय, पण आरपार दिसेपर्यंत वापरलेली एकही बघितली नाही. हे वाचलं त्या दिवसापासून ते गाणं मी वेगळ्या कानानं ऐकतो.

होटगीरोड_एलपी
काकांनी रेकॉर्डिंगचं सगळं सांगितलंच आहे, मी लिहिण्याबद्दल सांगते. गाणं पूर्ण फ्रेडीचं आणि ते एका रात्रीत सुचलेलं नाही. २०२३ मध्ये लंडनला त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला त्यात या गाण्याची कच्ची पानं होती, एका विमान कंपनीच्या छापील कागदावर पेन्सिल-पेनानं लिहिलेली, त्यावर आधी मंगोलियन रॅप्सडी असं लिहून मंगोलियन खोडलंय आणि वर बोहेमियन केलंय!! मला त्या खोडलेल्या शब्दाचा फोटो बघून इतका आनंद झाला की सांगता येत नाही, कारण आपण आज जे नाव जन्मापासून असल्यागत घेतो ते पण कुणीतरी बसून खोडून बदललेलं असतं. ज्या पियानोवर त्यानं हे रचलं तो त्याच्या घरचा यामाहा पण त्याच लिलावात गेला, १७ लाख पौंडांच्या वर.

आणि आपल्याकडं लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते, फ्रेडी म्हणजे फारुख बुलसारा, पारशी घरातला, जन्म झांझिबारचा, पण शाळा आपल्या पाचगणीची, सेंट पीटर्स. पियानो तो तिथं शिकला, फ्रेडी हे नाव तिथंच पडलं, पहिला बँड पण तिथलाच, द हेक्टिक्स. त्यामुळं इंग्लिश रॉक गाण्यात मध्येच बिस्मिल्ला ऐकू येतं तेव्हा मला ते परकं वाटतच नाही. गाण्याचा अर्थ त्यानं शेवटपर्यंत सांगितला नाही, आणि बरंच केलं असं मला वाटतं.

जुनी_कॅसेट
ताई बरोबर. एक राहिलं, रेकॉर्डिंग ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधल्या रॉकफिल्ड स्टुडिओत सुरू झालं. आधी पियानो, बेस आणि ड्रम घेतले आणि मध्ये ऑपेरासाठी कोरी टेप सोडली. सुरुवातीला अर्ध्या मिनिटाचाच विचार होता, पण फ्रेडी रोज येऊन अजून दोन गॅलिलिओ घालू म्हणायचा आणि ती जागा वाढतच गेली. शेवटी गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं झालं. रेकॉर्ड कंपनी म्हणाली एवढं लांब रेडिओवर कोण लावणार. केनी एव्हरेट नावाच्या रेडिओवाल्यानं दोन दिवसांत १४ वेळा लावलं, मग काय, ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे एक नंबरला.

जुळेसोलापूर_साउंड
मी स्टेजचं साउंड करतो म्हणून तेवढंच बोलतो. चौघांनी तो भाग लाइव्ह गायचा हट्ट सोडा, क्वीननं स्वतः कधी गायला नाही. त्यांच्या कार्यक्रमात ऑपेरा आला की टेप लागायची, स्टेजवर फक्त लाइट, आणि हेवी भाग सुरू झाला की चौघं परत पळत यायचे. १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मोठ्या कार्यक्रमात तर पहिला भाग आणि सोलो वाजवून थेट पुढच्या गाण्यावर गेले. तुम्ही दोन्हीपैकी काहीपण करा, लोक तक्रार करणार नाहीत. पण माझं ऐकशील तर मूळ गाण्याचा तुकडा लावू नका, स्वतःचा रेकॉर्ड करा. मोबाइलवर फुकटची ॲप आहेत, त्यांना टेप झिजायची भीती नाही. तिघंच गा, प्रत्येक ओळ सहा-सहा वेळा, दर वेळी माइकपासून थोडं मागं सरका म्हणजे गर्दी वाटते. खोली घुमत असेल तर चारी भिंतींना जाड चादरी टांगा.

पूर्वभाग_गिटार
सगळ्यांना मनापासून थँक्यू, मी हे सगळं बाकीच्या तिघांना मोठ्यानं वाचून दाखवलं. कीबोर्डवाला टेपचं ऐकून गप्पच बसला. चादरींची तर काळजीच नाही, ड्रमरच्या आईनं आत्ताच खालून सहा आणून दिल्यात, जेकार्डच्या, मोरवाल्या. खिळे ठोकून टांगल्या आणि टाळी वाजवून बघितली तर घुमणं एकदम गेलं. अडचण एकच हाय, आमच्यात रॉजरचा सूर कुणाचा लागत नाही. ड्रमरची धाकटी बहीण दहावीत हाय, ती दारात उभी राहून ऐकत होती, तिनं सहज गाऊन बघितला आणि लागला. साउंडवाले दादा, तिच्या वरच्या सुराला माइक किती लांब ठेवू? जवळ धरला की फाटायलाय.

जुळेसोलापूर_साउंड
दोन हात लांब, आणि माइक तोंडासमोर नको, जरा बाजूला. गेन, म्हणजे माइक आवाज किती जोरात उचलतो ते, कमी कर आधी.