मदत हवी आहे: फ्रान्समधील भिंतींवरच्या राजकीय घोषणांची छायाचित्रे छापण्याबाबत

पॅरिस आणि लिऑन येथील भिंतींवरच्या राजकीय घोषणांवरील माझ्या लेखासोबत मी स्वतः काढलेली छायाचित्रे एका दिवाळी अंकात छापायची आहेत. त्यांत मुख्यतः २०१९पासून स्त्रीहत्यांच्या निषेधार्थ लावली जाणारी कोलाजे आहेत: ए-४ आकाराच्या पांढऱ्या कागदावर काळ्या रंगात एकेक अक्षर, आणि कोणीतरी फाडल्यामुळे मधलीच काही अक्षरे गायब. (एकात शेजारीच ‘भित्तिपत्रके लावण्यास मनाई, कायदा २९ जुलै १८८१’ हा रंगवलेला इशाराही आला आहे, ते छायाचित्र मात्र वगळवत नाही.)

२०१६च्या फ्रेंच कायद्याने सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या वास्तू आणि शिल्पांच्या छायाचित्रांना कॉपीराइटमधून सवलत दिली, पण ती व्यक्तींना आणि अव्यावसायिक वापरापुरतीच, एवढे वाचले आहे. ही कोलाजे लावणाऱ्या गटाला इन्स्टाग्रामवर विचारले, उत्तर आले नाही. संपादक म्हणतात, श्रेय दिले की झाले, पण ते मला पुरेसे वाटत नाही. अंक छापील, विकत मिळणारा आणि केवळ भारतात वितरित होणारा आहे. छायाचित्रांत रंगीत भित्तिचित्रे नाहीत, कोणाचा चेहराही नाही.

केवळ अक्षरांची, निनावी आणि विनापरवाना लावलेली अशी घोषणा कॉपीराइटखाली येते का, आणि अंक भारतात छापताना भारतीय कायदा पाहायचा की फ्रेंच?