टनाचे किलोन्यूटन करताना जी (गुरुत्वीय त्वरण) ९.८१ घ्यायचा की १०?

क्यूबवाला

ज्या लॅबमध्ये अजून टनांच्या डायलचं मशीन आहे, तिथे क्यूबच्या (ताकद तपासायला दाबून फोडायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) रजिस्टरात टनांना सरळ १० ने गुणून किलोन्यूटन लिहिलेले मी वारंवार पाहतो. हे बंद व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे.

हिशेब समोर ठेवतो. १५० मिमीचा क्यूब, म्हणजे दाब घेणारी बाजू २२,५०० चौ. मिमी. काँक्रीट एम-२०, म्हणजे २० न्यूटन प्रति चौ. मिमी ताकदीचं. तीन क्यूब फुटले ४५, ४५.५ आणि ४६ टनांवर. १० ने गुणलं की ताकद येते २०.०, २०.२ आणि २०.४, सरासरी २०.२ न्यूटन प्रति चौ. मिमी. आता ९.८१ ने गुणा. १९.६, १९.८, २०.१, सरासरी १९.८. क्यूब तेच, मशीन तेच, तरी काँक्रीट विसाच्या खाली आलं.

डिझाइनमध्येही आपण १० घेतोच, हे उत्तर मला नेहमी मिळतं. घेतो, आणि तिथे ते बरोबर आहे. गच्चीवरच्या दहा हजार लिटरच्या टाकीतलं पाणी ९८.१ ऐवजी १०० किलोन्यूटन धरलं, तर स्लॅबवर भार जास्त धरला गेला, चिंता नाही. क्यूबच्या बाबतीत मात्र तोच १० आपण ताकदीला लावतो. भार फुगवला तर इमारत जरा जास्त भक्कम होते, ताकद फुगवली तर कच्चं काँक्रीट कागदावर पक्कं होतं. दोन्हीकडे एकच आकडा लावून दोन्हीकडे ‘सेफ साइड’ म्हणता येणार नाही.

खडीवाळू

असहमत. दोन टक्क्यांसाठी एवढा आग्रह मला पटत नाही.

आयएस ४५६ ही काँक्रीटची भारतीय संहिता तीनपैकी प्रत्येक क्यूबला सरासरीच्या १५ टक्के वरखाली जायची मुभा देते. साच्यात ठोकणी नीट झाली नाही, क्यूब पाण्यात न बुडवता ओल्या पोत्याखाली ठेवला, किंवा भरताना थापीने सारखी केलेली बाजूच मशीनच्या प्लेटखाली आली, तर दोन टक्के कुठल्याकुठे जातात. शिवाय डिझाइन करताना भाराला १.५ आणि काँक्रीटला १.५ असे सुरक्षिततेचे गुणक आहेतच.

आणि गोल आकड्यांची सुरुवात लॅबवाल्यांनी केलेली नाही. १९६४ च्या संहितेत हेच काँक्रीट एम-२०० होतं, म्हणजे २०० किलो प्रति चौ. सेंमी. नीट रूपांतर केलं तर १९.६ न्यूटन प्रति चौ. मिमी. १९७८ च्या आवृत्तीत त्याचं एम-२० झालं. साध्या पोलादाचा परवानगीचा ताण १४०० किलो होता, तो १४० न्यूटन झाला; खरं तर १३७.३ व्हायला हवा होता, म्हणजे इथे सैल बाजूला गेला. समितीला १० चालतो, मग लॅबमधल्या मुलाने तोच वापरला तर त्याला दोष का?

क्यूबवाला

समितीचा मुद्दा चांगला काढलात, पण ठरवताना गोल करणं आणि मोजताना गोल करणं या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. समितीने वीस ही रेघ ठरवली, आजूबाजूचे गुणक बघून ठरवली, आणि ती सगळ्यांना सारखी आहे. लॅबचं काम त्या रेघेपासून काँक्रीट किती वर किंवा खाली आहे ते सांगण्याचं. तिथे पट्टीच आखूड घेतली तर रेघ कुठेही असली तरी उत्तर चुकणारच.

१५ टक्क्यांचं म्हणाल, तर तो विखुरलेपणा दोन्ही बाजूंना जातो. एक क्यूब वर, एक खाली, सरासरीत बरंचसं फिटतं. १० चा गुणाकार प्रत्येक क्यूबला वरच नेतो. हजार क्यूब फोडले तरी ते दोन टक्के सरासरीतून जाणार नाहीत.

आणि अशा फुगवणाऱ्या गोष्टी एकट्या येत नाहीत. भार मिनिटाला चौ. सेंमीमागे १४० किलो या वेगाने वाढवायचा असतो, म्हणजे ४६ टनांपर्यंत जायला जवळपास दीड मिनिट लागायला हवं. घाईत व्हॉल्व्ह जास्त उघडला की क्यूब ज्या आकड्यावर फुटतो तोही थोडा वरचा येतो. एकाच बाजूची अशी दोन-तीन कारणं जमली की १.५ मधला वाटा खाल्ला जातो, आणि तो गुणक आपल्या गुणाकाराची सोय म्हणून ठेवलेला नाही.

विषुववृत्त

मी भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे मला दोन्ही बाजू अडखळवतात. ९.८१ हा तरी आपला कुठे आहे? ९.८०६६५ ही प्रमाण किंमत १९०१ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरली आणि ती साधारण ४५ अंश अक्षांशाच्या जवळची आहे. मुंबईत जी सुमारे ९.७८६ आहे, पुण्यात उंचीमुळे आणखी किंचित कमी. नेमकेपणाचाच आग्रह असेल तर तोही धरा.

क्यूबवाला

मॅडम, टाकीतल्या पाण्याचं वजन काढताना तुमचं अगदी बरोबर आहे. डायलवरचा टन मात्र बलाचा टन आहे. त्याचे किलोन्यूटन व्याख्येनेच ९.८०६६५, मशीन सोलापुरात असो की लंडनमध्ये.

विषुववृत्त

व्याख्या मान्य. पण डायल तरी खरे टन दाखवतो का? प्रूव्हिंग रिंग (बल मोजणारी कडी) लावून कॅलिब्रेशन होतं तेव्हा डायलच्या प्रत्येक टप्प्यासमोर प्रत्यक्ष बल किती पडलं याचा तक्ता मिळतो. ४५ टनांसमोर ४३८ किलोन्यूटनही असू शकतात, ४४५ ही. मग ९.८१ आणि १० या वादाला तिथे जागाच नाही. तो तक्ता मशीनशेजारी भिंतीवर लावा आणि त्यातूनच आकडा उचला. सर्टिफिकेट फाइलमध्ये आणि गुणाकार डोक्यात, हा प्रकार थांबला तर माझ्या दृष्टीने काम झालं.

जुनी_इमारत

दुरुस्तीच्या कामात मला याहून मोठी गळती दिसते, म्हणून लिहितो. जुन्या नकाशात अर्ध्या इंचाची सळई असते, साईटवर तिला चार सूत म्हणतात. बदलताना मुकादम बिनदिक्कत १२ मिमी मागवतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, क्षेत्रफळ १२६.७ चौ. मिमी. १२ मिमीचं ११३.१. प्रत्येक सळईमागे जवळजवळ ११ टक्के पोलाद गेलं. बिलात वजन व्यासाचा वर्ग भागिले १६२ या सूत्राने अगदी चोख निघतं, कारण ते १२ मिमीचंच काढलेलं असतं. त्यामुळे तपासणीतही कुणाच्या लक्षात येत नाही. तीन सुतांना १० मिमी दिली तर उलट थोडं जास्त पडतं, तिथे तक्रार नाही. चार सुतांना मात्र सळयांची संख्या वाढवून क्षेत्रफळ भरून काढायलाच हवं. क्यूबच्या दोन टक्क्यांवर बोला, पण यावरही बोला.

डिप्लोमा_तिसरं_वर्ष

आम्हाला परीक्षेत ‘जी = १० घ्या’ असं प्रश्नातच दिलेलं असतं. मग भार काढताना १० नेहमी सुरक्षित, असं समजू का? जमिनीखालच्या टाकीचं गणित करताना गोंधळ झाला.

खडीवाळू

नाही रे, नेहमी नाही. जमिनीखालची टाकी रिकामी असताना पावसाळ्यात भूजल वर आलं की पाणी तिला उचलायला बघतं, आणि टाकीचं स्वतःचं वजन तिला दाबून धरतं. इथे काँक्रीटचं वजन जास्त धरणं धोक्याचं. म्हणून असं धरून ठेवणारं वजन संहिता ०.९ ने कमी करून घ्यायला सांगते. काँक्रीट २५ किलोन्यूटन प्रति घनमीटर धरलंस तर पाणी १० धर. तिथे काटेकोरपणा म्हणून ९.८१ घेतलंस तर उचल कमी दिसेल आणि टाकी आहे त्यापेक्षा जड वाटेल.

क्यूबवाले म्हणतील, हा तर आमचाच मुद्दा झाला. कोणत्या बाजूला काय गोल करायचं हे बघावं लागतं, एवढं मी मान्य करतो. तक्त्याचंही मान्य, उद्याच लावायला सांगतो. पण १९.८ आला म्हणून कुणी स्लॅब तोडायला निघालं तर मी आडवा येईन. संहिता सलग चार निकालांची सरासरी मागते, ती आधी काढा.

क्यूबवाला

तोडायला मी कधीच म्हटलं नाही. १९.८ आला तर रजिस्टरात १९.८ लिहा.