ब्राउझरची वाट किती पाहायची?
'सगळ्या ब्राउझरमध्ये येईपर्यंत वेबच्या नव्या स्टँडर्डला (ठरवून दिलेल्या नियमाला) हात लावू नये' हे मत मला अजिबात पटलेलं नाही. सीएसएस म्हणजे पानाचं रूप ठरवणारी भाषा. तिचा 'हॅज' सिलेक्टर (आत काय आहे ते पाहून पानावरचा घटक निवडणारा) सफारीत मार्च २०२२ मध्ये आला, फायरफॉक्समध्ये यायला डिसेंबर २०२३ उजाडला. तोवर हातावर हात धरून बसायचं? आधी साधी मांडणी लिहा, मग 'सपोर्ट्स'ची अट (ब्राउझरला जमत असेल तरच लागू होणारी) घालून नवी. मार्केट यार्डातल्या एका गिऱ्हाइकाच्या साइटवर आम्ही हेच केलंय. जुन्या फोनवर भाव एकाखाली एक दिसतात, नव्यावर शेजारीशेजारी, पण वाचता दोन्हीकडे येतात.

मात्र फ्लॅगमागचं (ब्राउझरच्या सेटिंगमध्ये मुद्दाम चालू करावं लागणारं), मसुद्यात अजून बदलणारं काही गिऱ्हाइकाच्या कामात घालू नका. वेबकिटच्या (सफारीच्या इंजिनाच्या) प्रीफिक्सचं, म्हणजे प्रयोगातल्या गोष्टींच्या नावाआधी लावायच्या खुणेचं, काय झालं बघा. अनेकांनी फक्त तेच लिहिलं, इतर ब्राउझरमध्ये साइट मोडू लागल्या आणि २०१६ मध्ये फायरफॉक्सलाही ते प्रीफिक्स स्वीकारावे लागले.