सेवेला हजेरीवही कशाला?

कानामात्रा: धार्मिक संस्थांत हल्ली सेवेकऱ्यांकडून फॉर्म भरून घेतात, पाळ्या लावतात, हजेरी मांडतात. याने सेवेची नोकरी होते. श्रद्धेने आलेल्यापुढे वही सरकवली की तो पुन्हा फिरकत नाही. चार जाणती माणसं उभी असली की बाकीचे बघून शिकतात.

उंबरठा: बघून चुकाही शिकतात. उरलेलं अन्न मोठ्या पातेल्यात झाकून ठेवायचं, ही तर सर्रास. कडेला हात लावला की निवल्यासारखं वाटतं, पण मधला भाग कितीतरी तास कोमट राहतो आणि जंतूंना तेच मानवतं. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा. वाढेपर्यंत अन्न ६० च्या वर ठेवायचं, बाहेर २ तासांपेक्षा जास्त नाही. उरलं तर पसरट भांड्यांत ५ सेंमीपेक्षा पातळ थर करून फ्रिजमध्ये. परत गरम करताना थर्मामीटर मधोमध खुपसून ७० बघायचं, आकडा नि वेळ लिहायची. जुलाब-उलट्या थांबल्यावर ४८ तास स्वयंपाकघरात पाऊल नको. हा नियम श्रद्धाळूच आधी मोडतो, त्याला खाडा नको असतो ना!

कानामात्रा: अन्नाचं मान्य. पण दानपेटी एकट्याने नाही, दोघांनीच मोजायची असाही नियम करतात, हा उघड संशय झाला.

जमाखर्च: उलट आहे. एकटा मोजतो त्याच्याबद्दलच कुजबुज होते आणि ती खोडायला त्याच्याकडे कागद नसतो. एका घरातले नसलेले दोघे, दोन कुलपं, एकेक किल्ली. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकडा जुळला की सह्या. रक्कम पूर्ण बँकेत. पेटीतूनच परस्पर किरकोळ खर्च भागवला की ताळा बसत नाही, घोळ बहुतेकदा इथेच होतो, चोरी क्वचित.

पारवा: मी धागा काढणाऱ्या कानामात्राच्या बाजूने, अर्धा. चटया घालणाऱ्याला बारा पानी फॉर्म हा छळ आहे. नाव, फोन, अडीअडचणीला कुणाला कळवायचं, बास. मुलांमध्ये काम करणाऱ्याची मात्र आधी चौकशी हवीच, आणि एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलासोबत बंद खोलीत बसायचं नाही, मग तो कितीही पूज्य असो. बाकी लोक वहीमुळे गळत नाहीत. आल्यावर तासभर नुसतं उभं राहावं लागलं की गळतात. ३ तासांची पाळी, १० हवेत तिथे १२ बोलवा, नवख्याला जोडीदार द्या.

उंबरठा: आणखी एक लेखी हवं: मदतीच्या रांगेत धर्मप्रचार नाही. आपत्तीतल्या मदतीसाठी रेड क्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांची १९९४ ची आचारसंहिता हेच सांगते.

कानामात्रा: मग संस्था धार्मिक कशाला म्हणायची?

उंबरठा: प्रार्थना खुशाल करा. वाटपाआधी सगळ्यांना बसवून नको. उपाशी माणूस 'नको' म्हणू शकत नाही.

कानामात्रा: वाटप आधी, प्रार्थना नंतर, थांबेल तो थांबेल. पटलं. हजेरी तरीही नाही पटत.

जमाखर्च: आग लागली तर आत किती जण आहेत, हे कुणाला विचारणार?