बानिक ओस्त्रावाच्या इतिहासाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, चेक प्रजासत्ताकातल्या बानिक ओस्त्रावा या फुटबॉल क्लबवर मी दीर्घ लेख लिहितोय. तिथे राहणारं किंवा चेक भाषा वाचणारं इथे कुणी आहे का?

थोडी पार्श्वभूमी सांगतो. 1922 मध्ये कोळसा खाणीतल्या कामगारांनी हा क्लब काढला, तेव्हाचं नाव एसके स्लेझ्स्का ओस्त्रावा. राजधानी प्रागच्या बड्या क्लबांना टक्कर देत या खाणीच्या शहरानं 1976, 1980 आणि 1981 मध्ये चेकोस्लोव्हाकियाची लीग जिंकली. शेवटच्या दोन विजेतेपदांच्या वेळी एव्झेन हादामचिक प्रशिक्षक होते. 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या चेकोस्लोव्हाकियाच्या फुटबॉल संघातही बानिकचे खेळाडू होते, वर्नेर लिच्का त्यातलाच. पुढच्या मोसमात बानिकची युरोपियन कपच्या, म्हणजे युरोपातल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्यपूर्व फेरीपर्यंत धडक! नंतर मात्र लीग जिंकायला थेट 2004 उजाडलं.

माझं घोडं अडलंय ते खाणींपाशी. 1994 मध्ये ओस्त्रावा शहरातला कोळसा उपसा थांबला. खाणी चालू असताना खेळाडूंचा पगार, नोकऱ्या, घरं यांची व्यवस्था नेमकी कशी व्हायची, आणि त्या बंद पडल्यावर क्लबचा खर्च कुणी उचलला? इंग्रजीत सगळे नुसते निकाल देतात, हे कुणीच सांगत नाही. त्या काळातली चेक वर्तमानपत्रं ऑनलाइन कुठे वाचायला मिळतील? आणि बाझाली हे जुनं मैदान कुणी पाहिलं असेल, तर तिथल्या आठवणी, फोटो जरूर टाका.