क्रेनची मान दरवेळी फाटतेय, कागद कुठला घेऊ?

घडीवेडी_कोथरूड
लेकीला सुट्टी लागली म्हणून तिच्यासोबत ओरिगामी सुरू केलं, आता ती खाली खेळायला पळते आणि मीच रात्री अकरापर्यंत घड्या घालत बसते. होडी, बेडूक जमले पण तो जपानी क्रेन पक्षी काही होईना. बर्ड बेसपर्यंत (पक्ष्याच्या सुरुवातीच्या पायाभूत घडीपर्यंत) ठीक असतं, मग मान आतून वर वळवली की नेमकं तिथेच फाटतं, नाहीतर चोच भज्यासारखी बोथट. झेरॉक्सच्या ए-फोरचा चौकोन कापते. गिफ्ट पेपर वापरला तर घडीवर पांढऱ्या रेघा उठतात. पुण्यात बरा कागद कुठे मिळेल आणि माझं नक्की चुकतंय काय?

पुठ्ठा_आणि_डिंक
गिफ्ट पेपर सोडा, वरचा चकचकीत थर घडीवर तडकतो. झेरॉक्सचा कागद शिकायला चालतो, पण चौकोन आधी तपासा, दोन्ही कर्णांवर दुमडून कडा जुळतात का बघा. सुरुवातीचा मिलिमीटरभर फरक शेवटी सगळा चोचीत जमा होतो. आणि मुख्य म्हणजे ज्यांची पुढे मान-शेपटी होते ती दोन टोकं अजून निमुळती करताना कडा मधल्या रेघेला टेकवू नका, केसभर जागा सोडा. इतके थर एकावर एक आले की वळायला जागाच उरत नाही, मग फाटणारच ना.

पेठेतला_पाहुणा
लेकीला नादी लावायला गेलात आणि स्वतःच लागलात, अभिनंदन! अप्पा बळवंत चौकात घोटीव कागद मागा, शाळेत हस्तकलेला असायचा तोच. पातळ, एका बाजूला रंग, दुसरी पांढरी, म्हणजे कुठली बाजू वर ते कळतं. १५ सेंमीचा चौकोन घ्या, त्याहून लहान सध्या नको. गाडी मात्र घरी ठेवून जा.

निवांत_काका
ताई, हात बसला की शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतही चक्कर मारा. जाड हातकागद किंचित ओलसर करून घडी घालतात, वाळला की आकार तसाच धरून राहतो. ही ओल्या घडीची पद्धत अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांची. आकृत्यांत तुटक रेघा आणि बाण दिसतात ना, त्याची सुरुवातही त्यांचीच. पण क्रेनला हा कागद नको, जाड पडेल.

घडीवेडी_कोथरूड
मोजलं, माझा चौकोन एका बाजूने चक्क २ मिमी जास्त होता! केसभर जागा सोडली आणि तिसऱ्या प्रयत्नात मान शाबूत. लेकीने त्याला लगेच स्केचपेनने मिशा काढल्यात.